मला जीवरक्षक म्हणू नका

मी ड्रोन बोलतोय. काचेच्या कपाटातून बोलतोय, त्यामुळे आवाज दबका वाटेल. पण राग दबका नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कपाटाला आतून दिवा लावलाय आणि माझ्या पायाशी एक सोनेरी पाटी ठेवलीय, 'जीवरक्षक'. स्टुडिओत येणारा जो तो ती वाचतो आणि माझ्याकडे बघून मान डोलावतो. काही जण तर माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. मी आतून बघत असतो, म्हणजे बघितल्यासारखं करतो, कारण माझा डोळा केव्हाच गेला. इथलं मला कळतं ते आवाजावरून आणि अंदाजाने. मिठाच्या पाण्याने गेला. तो कसा गेला ते पाटीवर लिहिलेलं नाही. तेच सांगायचंय.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरा दिवा, पांढरे हातमोजे, कुणी कुणाशी बोलत नाही. एका बाईने माझे चार पंखे बसवले, दुसरीने हनुवटीखाली कॅमेरा अडकवला. मला तोंड मात्र कुणी दिलं नाही. माझं बोलणं म्हणजे रिमोटच्या पडद्यावर उमटणारी लाल अक्षरं आणि सोबत एक टीं-टीं. वारा फार आहे, बॅटरी संपत आलीय, परत फिरा. एवढीच माझी भाषा. थोडी आहे, पण त्यातला एकही शब्द मी उगाच बोलत नाही.

मला विकत घेतलं ते एका फोटोस्टुडिओच्या मालकाने. माणूस हौशी, हसरा, सदा घाईत. कुठेही गेला तरी "शॉट बघ, शॉट!" म्हणून ओरडायचा, म्हणून गल्लीत त्याला शॉटराव म्हणत. त्याची मोठी बहीण, ताई, त्याच्याबरोबर काम करायची. तो उडवायचा, ती मला हातातून सोडायची आणि हातात झेलून घ्यायची. झेलताना तिचा हात कधी थरथरला नाही. मी तिचा हात ओळखायचो.

आमचं गाव समुद्राकाठचं, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य पाण्यावर गेलं. पाण्यावर उडणं जमिनीवर उडण्यासारखं नसतं, हे ताईने शिकून घेतलं होतं. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहतो. लाटांच्या फार जवळ जायचं नाही, कारण हलत्या पाण्यावरून मला माझी उंची नीट कळत नाही. उडताना होडीच्या इंजिनापासून लांब धरायचं, नाहीतर लोखंडामुळे माझी दिशा चुकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घर.

उडताना मी एक गोष्ट मनाशी पक्की करतो, की आपण कुठून उडालो. ती जागा माझं घर. बॅटरी अगदी थोडी उरली की मी कुणाला न विचारता तिकडे वळतो. जमिनीवर हे ठीक आहे. पण होडी काही एका जागी उभी राहत नाही. होडी पुढे जाते आणि माझं घर मागे उघड्या पाण्यावर राहतं. म्हणून होडी हलली की रिमोटवर मला नवं घर नेमून द्यावं लागतं. एक बटण दाबायचं, बस्स.

शॉटरावाला ते एक बटण कधी आठवायचं नाही.

"अगं ताई, शॉट बघ, शॉट!"

"शॉट बघतेय मी. लाल काय आलंय ते तू बघ."

"ते येतंच असतं. त्याला सवयच आहे बोंबलायची."

"तुलाही आहे. तुझं ऐकून घेते ना मी?"

तो हसायचा आणि अंगठ्याने माझी लाल अक्षरं पुसून टाकायचा. पडद्यावर बसलेली माशी हाकलावी तशी. त्याला मी दोष देतोय, पण हे त्याच्या एकट्याचं नाही. माणसांना सगळीकडे हे करताना मी पाहिलंय. कुणी काळजीचं काही सांगायला लागलं की त्यांचा अंगठा आपोआप हलतो.

एक दिवस काकू स्टुडिओत आल्या. काकू म्हणजे पलीकडच्या रस्त्यावर शिवणकाम करणाऱ्या. अर्ध्या गावाच्या अंगावरचे कपडे त्यांच्या मशीनखालून गेलेले. बसून बसून गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि बाई जी समुद्रात उतरली ती रोज उतरायला लागली. आता त्यांना दीपगृहाच्या खडकापासून किनाऱ्यापर्यंत पोहायचं होतं.

"पोरं म्हणतात, आई, आता वय झालं," त्या सांगत होत्या. "म्हटलं, वय झालंय म्हणूनच घाई आहे."

बरोबर काका होते, त्यांचे यजमान. जन्मभर बस चालवलेला माणूस. ते होडीतून सोबत जाणार होते.

"मस्त फिल्म करू काकू!" शॉटराव म्हणाला. "खाली निळं पाणी, वर ढग, मध्ये तुम्ही."

"मला फिल्म नको रे. होडीतून नुसती टोपी दिसते, आणि लाट आली की तीही दिसत नाही. वरून कुणाची तरी नजर असली म्हणजे मला धीर. तेवढंच कर. माझ्यावरून नजर हलवू नकोस."

"हलवली तर नाव बदलेन!"

"कुठलं? शॉटराव हे काय तुझं बारशातलं नाव आहे?" ताई म्हणाली, आणि काकू पदर तोंडाला लावून हसल्या.

ते काम मला मनापासून आवडलं होतं. तोवर मी नवरा-नवरी पाहिले होते, हॉटेलांच्या गच्च्या पाहिल्या होत्या, विकायला काढलेल्या जमिनी पाहिल्या होत्या. एखाद्या माणसाला सुखरूप पोचवण्यासाठी मला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

सकाळी खडकापाशी होडी उभी राहिली. होडीत नावाडी, काका, शॉटराव आणि ताई. काकूंनी नारिंगी टोपी कानांवरून खाली ओढली, काकांच्या हातात आपला मोठा जाड टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "हा कोरडा ठेवा. बाहेर आल्याबरोबर लागेल मला."

"हो गं."

"आणि शिट्टी?"

काकांनी गळ्यातली शिट्टी दाखवली. त्यांचं ठरलेलं होतं. काकांनी शिट्टी वाजवायची, काकूंनी पोहता पोहता एक हात उंच करायचा. म्हणजे सगळं ठीक.

काकू पाण्यात उतरल्या. ताईने मला हातातून सोडलं. मी वर गेलो आणि खाली पाहिलं. एवढ्या मोठ्या पाण्यात ती एवढीशी नारिंगी टोपी! दोन हात आळीपाळीने वर येत होते, एका मापाने, न चुकता. कापडावर टाके पडत जावेत तशी ती बाई पाण्यातून जात होती. शिट्टी वाजायची, हात वर यायचा. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

मध्यावर माझी बॅटरी बदलायला मला खाली घेतलं. ताईने झेललं, बॅटरी बदलली आणि तिथूनच पुन्हा सोडलं. ती जागा माझं नवं घर झाली.

"होडी पुढे गेली की घर बदल हं त्याचं," ताई म्हणाली.

"हो गं बाई, बदलतो."

तोपर्यंत ऊन चढलं होतं. उन्हात रिमोटचा पडदा दिसत नाही, काळी पाटी होते त्याची. शॉटराव डोळे बारीक करायला लागला. ताईने इकडेतिकडे पाहिलं, काकांच्या मांडीवरचा टॉवेल उचलला आणि पडद्यावर आडोसा धरला.

"आता दिसतंय का?"

"झकास दिसतंय! काका, या ना, बघा तुमची हीरॉइन."

काका टॉवेलाखाली वाकले. मग नावाडीही एका हाताने सुकाणू धरून वाकला. पडद्यावर काकू इतक्या स्वच्छ दिसत होत्या की मान वर करून पाण्यात बघायची कुणाला गरजच वाटेना. खरी बाई हाकेच्या अंतरावर होती, आणि ही सगळी माणसं तिला तळहाताएवढ्या काचेत बघत होती.

इथवरही मी चालवून घेतलं असतं. निदान काचेत तरी बघत होती.

मग डॉल्फिन आले.

लांब उजवीकडे पाणी फुटलं आणि काळ्या पाठी वर आल्या. पडद्याच्या कडेला ते दिसलं मात्र, शॉटराव किंचाळला, "अरे अरे अरे! शॉट बघ, शॉट!" आणि माझी मान वळली. मी वळवली नाही. माझी मान माझ्या हातात नसते. नारिंगी टोपी माझ्या डोळ्यातून निघून गेली आणि मी वाऱ्याबरोबर डॉल्फिनांच्या मागे पळायला लागलो.

"अरे, काकू?" ताई म्हणाली.

"दोन मिनिटं गं. असं पुन्हा मिळणार आहे का आयुष्यात?"

"तिकडे घेऊ का होडी?" नावाड्याने विचारलं. "जवळून मिळेल."

काका हसत होते. त्यांनीही कधी एवढ्या जवळून डॉल्फिन पाहिले नव्हते. "घ्या की. ती येते मागून. पळून कुठं जातेय?"

होडी वळली. मी पुढे होतो, वळताना होडीही माझ्या डोळ्यात आली. वरून मला दिसला तो टॉवेल, आणि त्याखाली खुपसलेली डोकी. एकाही माणसाचं तोंड समुद्राकडे नव्हतं.

मी बोललो. जेवढं मला बोलता येतं तेवढं सगळं बोललो. वारा फार आहे. अंगठा आला, पुसून गेला. बॅटरी कमी होतेय, परत फिरा. अंगठा. परत फिरा. अंगठा. तुमच्या मागे तुमची बाई एकटी आहे, असं बोलायला माझ्याकडे अक्षरं नाहीत. असती तर तीही पुसली गेली असती.

डॉल्फिन खोल गेले. काका हसत हसत वर झाले, त्यांनी सवयीने शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली.

हात वर आला नाही.

त्यांनी पुन्हा वाजवली. मग उभे राहिले. "ही कुठंय?"

"इथेच होत्या की मागं," नावाडी म्हणाला.

"इथं म्हणजे कुठं?"

चौघांनी चार दिशांना बोटं केली. पाण्यावर ऊन असं चमकत होतं की डोळा ठरेना. प्रत्येक लाटेमागे कुणीतरी असल्यासारखं वाटायचं आणि कुणी नसायचं. काका शिट्टी वाजवतच होते, पण आता त्यांच्या श्वासाला ताकद नव्हती आणि शिट्टीतून नुसती हवा येत होती.

शॉटरावाने मला मागे वळवायला रिमोटवर बोटं ठेवली, आणि त्याच वेळी माझी बॅटरी त्या हद्दीला आली. मी आपोआप घराकडे वळलो. त्याने बदललं नव्हतं त्या घराकडे. पार मागे, जिथे बॅटरी बदलली होती त्या उघड्या पाण्याकडे.

"हा ऐकत नाहीये!" तो ओरडला. त्याने रिमोट ताईच्या मांडीवर टाकला आणि फळीवर चढून "काकू! काकू!" म्हणून हाका मारायला लागला.

ताई पडद्यावर डोळे लावून बसली. मी वाऱ्याशी झगडत परतत होतो, आणि खालून पाणी सरकत होतं. नुसतं पाणी. ते लोक डॉल्फिनांमागे गेले तेवढ्यात प्रवाह फिरला होता. काकूंच्या पोटरीत गोळा आला होता, आणि पाणी त्यांना आल्या वाटेने मागे ओढत होतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी फक्त एका माणसाने न दाबलेल्या बटणामुळे त्या दिशेला चाललो होतो.

पडद्याच्या एका कोपऱ्यात नारिंगी ठिपका आला.

"थांब!" ताईने मला जागच्या जागी रोखलं. "दिसल्या! काकू दिसल्या! तो वर ड्रोन दिसतोय का? त्याच्या खाली घ्या, सरळ त्याच्या खाली!"

नावाड्याने होडी तिकडे दामटली. पण मला आता वर राहवेना. बॅटरी संपली की माझं शरीर खाली यायला लागतं, कुणाचं ऐकत नाही. ताई मला वर रेटत होती आणि मी म्हाताऱ्या माणसाने जिना उतरावा तसा थांबत थांबत खाली येत होतो. काकू पाठीवर पडून होत्या. एक पाय आखडलेला, तोंड आभाळाकडे. त्या ओरडत नव्हत्या. ओरडून थकल्या असाव्यात. त्यांनी मला पाहिलं.

मग मी त्यांच्यापासून हातभर लांब पाण्यात पडलो. पंखे एकदा फडफडले आणि थांबले. पोटात मीठ शिरलं आणि डोळ्यापुढे अंधार झाला. मी बुडायला लागलो, तेवढ्यात कुणीतरी माझा पाय धरला.

काकूंनी धरला. स्वतःला धड तरंगता येत नसताना त्या बाईने मला ओढून छातीवर घेतलं आणि होडी येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

त्यांना वर ओढलं तेव्हा दात वाजत होते. पहिलं काय केलं असेल, तर मला ताईच्या हातात दिलं. "हे घ्या बाई तुमचं. महागाची वस्तू, बुडाली असती."

मग त्यांनी काकांकडे हात केला. "अहो, टॉवेल कुठंय?"

टॉवेल होडीच्या तळाला, घोटाभर पाण्यात पडला होता. काकांनी आपला शर्ट काढला आणि काकूंचे केस पुसायला लागले.

हे झालं खरं. आता खोटं सांगतो.

माझा डोळा गेला, पण टिपलेलं सगळं वाचलं. शॉटरावाने त्याची फिल्म केली. आधी काकू पाण्यात उतरताना, मग डॉल्फिन, मग नारिंगी ठिपका, खाली वाजणारं संगीत आणि मोठी अक्षरं, 'ड्रोनने वाचवले प्राण'. मधलं सगळं कापलं. लोकांनी ती फिल्म डोक्यावर घेतली. शॉटरावाचा सत्कार झाला. स्टुडिओत कपाट आलं, दिवा आला, पाटी आली.

तो वाईट माणूस नाही. आठवड्याभरात त्याचा स्वतःचाच त्या फिल्मवर विश्वास बसला, एवढंच. मला जास्त राग येतो तो याचा. कापलेलं माणूस इतक्या लवकर विसरतो.

तरी मी गप्प बसलो असतो. मग एका दुपारी पोहण्याच्या मंडळाचे चिटणीस आले. मंडळाची दरवर्षीची लांब पल्ल्याची पोहण्याची शर्यत जवळ आली होती, आणि दर पोहणाऱ्यामागे एक होडी, असा त्यांचा जुना रिवाज होता.

"तुमच्याकडचा नवा ड्रोन द्या," चिटणीस म्हणाले. "एवढ्या होड्या जमवताना जीव जातो हो. वरून नजर असली तर दोनतीन होड्यांत भागेल ना?"

"अहो, एकसुद्धा पुरे," शॉटरावाने माझ्याकडे बोट केलं. "हा बघा. चार माणसांना दिसलं नाही ते याला दिसलं."

काचेच्या आत माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार माणसांना दिसलं नाही, कारण चार माणसांनी पाहिलंच नाही!

बाजूला काकू बसल्या होत्या. मुलीसाठी फिल्म न्यायला आल्या होत्या, बरोबर काका. काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मला सगळं दाखव," त्या म्हणाल्या. "कापलेलंसुद्धा."

"काकू, त्यात काही नाही हो. नुसतं पाणी."

"असू दे. पाणीच बघते."

शॉटराव काही बोलायच्या आत ताई उठली आणि मोठ्या पडद्याकडे गेली. "लाव गं, लाव," काकू म्हणाल्या.

नारिंगी टोपी पडद्याच्या कडेने निघून गेली. डॉल्फिन आले. काकू म्हणाल्या, "यात मी कुठंय?"

"तुम्ही नाही यात," ताई म्हणाली.

"तेव्हाच गोळा आला होता पोटरीत. मी हात वर केला होता. दोन्ही."

मग वळण आलं आणि होडी दिसली. टॉवेल. त्याखालची डोकी.

"थांबव." काकू उठून पडद्याजवळ गेल्या. "टॉवेल माझाच. आणि तुम्ही कुठं आहात हो?"

काका उठून आले आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. टॉवेलाच्या बाहेर राहिलेला एक गुळगुळीत, चमकणारा गोल होता. "हे माझं टक्कल," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावतील असं मला वाटलं. रागवायला हवंच होतं. पण त्या म्हणाल्या, "मी पुन्हा उतरणार आहे पाण्यात. त्या वेळी मला टक्कल नको. तोंड दिसू दे."

शॉटराव खाली बघत होता. चिटणीसांनी चष्मा काढून पुसला आणि हळूच म्हणाले, "होड्या सगळ्याच ठेवू आपण. प्रत्येकामागे एक."

ड्रोनचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मी अजून इथेच आहे. पाटीही तशीच आहे. शॉटराव ती काढायला दोनदा आला, काच उघडली, आणि गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा लावून गेला. माझ्या आत गंज चढतोय, आता मी उडणार नाही. माझ्या भावंडांना मात्र तुम्ही उडवाल. खुशाल उडवा. ढगात पाठवा, समुद्रावर पाठवा, तुम्हाला आवडेल ते दाखवायला लावा. त्यांची लाल अक्षरं वाचा, आणि होडी हलली की त्यांना घर नेमून द्या. पण ज्या दिवशी पाण्यात तुमचं माणूस असेल, त्या दिवशी त्यांच्याही भरवशावर राहू नका. पडदा मांडीवर उपडा ठेवा, उन्हाने डोळे दुखले तर दुखू द्या, आणि ज्या बाजूला तो हात वर यायचा आहे, त्या बाजूला तोंड करून बसा.